आयर्लंडांतील हौशी कुलशोधक व त्यांचे टीकाकार

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, अशी एक म्हण आपल्यांत आहे; आणि ज्यांस कोणत्याही शोधाचा कंटाळा आहे त्यांनीं तिचा पुष्कळ उपयोग करून घेतला आहे. अलीकडे आमच्या सुशिक्षित मंडळींत आयरिश लोकांच्या कुलशोधनाचा विषय निघाला म्हणजे हीच म्हण थोड्याफार फरकानें ऐकूं येते. बोस्टनमधील एखादा निवृत्त टपालवाला, सिडनीकडील एखादी शिक्षिका, किंवा खुद्द गॉलवे परगण्यांतील एखादी गृहिणी रात्रीं जागून आपल्या खापरपणज्याचें गांव हुडकते, बाप्तिस्म्याच्या पुसट वह्या वाचते, शेवाळलेल्या थडग्यांवरील अक्षरें बोटांनीं चांचपते, हें पाहून आमच्याकडील इतिहासाचे अध्यापक मंद स्मित करितात. आम्हीं स्वतः अध्यापनांत आयुष्याचीं बरींच वर्षें घालविलीं असल्यामुळें हें स्मित आम्हांस चांगलें परिचयाचें आहे. तें ज्ञानाचें लक्षण असतेंच असें नाहीं.

या स्मितामागें तीन समजुती दडलेल्या आहेत. हा सारा उद्योग कुलाभिमानाचा आहे, ही एक. आयर्लंडचें दप्तर १९२२ सालीं जळून गेलें, तेव्हां आतां हे लोक राखेंत काय चिवडीत बसणार, ही दुसरी. आणि इतिहास हें शास्त्र असून हौशी माणसाचें तेथें काय काम, ही तिसरी; ही बोलून कोणी दाखवीत नाहीं, पण पहिल्या दोहोंची आई हीच. आमच्या मतें या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि तिसरी तर घातक आहे.

पहिल्या आक्षेपांत जेवढें तथ्य आहे तेवढें प्रथमच मान्य करून टाकूं. वंशावळ सांगणें हा आयर्लंडांत एके काळीं विद्वान घराण्यांचा पिढीजाद व्यवसाय होता. त्या देशाच्या जुन्या कायद्यांत एका पणज्यापासून झालेल्या पुरुषवंशजांचा चार पिढ्यांचा समूह हा वारशाचें माप धरला जाई. आपल्याकडील सपिंडांची आठवण करून देणारीच ही व्यवस्था. अशा समाजांत वंशावळ म्हणजे करमणूक नसून जमिनीचा कागदच असे. ड्युअल्ड मॅकफर्बिस या पंडितानें १६४९-५० मध्यें, क्रॉमवेलचें सैन्य आयर्लंड तुडवीत असतां, गॉलवे शहरांत बसून आयरिश कुळांचा आपला प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. आपली दुनिया बुडत आहे हें त्यास दिसत होतें, आणि बुडण्यापूर्वीं नांवें लिहून ठेवावीं एवढाच त्याचा हेतु होता. पण या विद्येला तिचे भाटही होतेच. मुळांतील राजे थेट नोहापर्यंत आणि आदमपर्यंत पोंचविण्याची जुनी रीत होती, व १८७६ मध्यें जॉन ओहार्ट यानें आयरिश वंशावळींचें जें पुस्तक छापलें त्यांतही ही आदमापासूनची शिडी शाबूत आहे. आमच्या कित्येक राजघराण्यांनीं सूर्याला व चंद्राला अशाच शिड्या लावल्या आहेत, तेव्हां या बाबतींत आयरिशांस हंसण्याचा अधिकार आपणांस फारसा नाहीं.

आज या भाटांची जागा दुकानदारांनीं घेतली आहे. डब्लिनच्या बाजारांत तुमचें आडनांव सांगा कीं त्या आडनांवाचें म्हणून एक कुलचिन्ह चहाच्या पेल्यावर छापून मिळतें. वास्तविक कुलचिन्ह हें व्यक्तीस दिलेलें असतें, आडनांवास नव्हे. पण पेला विकत घेणाऱ्यास हें कोण सांगणार? हें सर्व खरें. तथापि आमच्या टीकाकारांस आम्ही एक गोष्ट विचारतों : या कुलाभिमानाला फसलें कोण? 'मॅकार्थी मोर', म्हणजे मॅकार्थी कुळाचा मुख्य, ही पदवी सांगणाऱ्या एका गृहस्थास आयर्लंडच्या सरकारी कुलचिन्ह-कचेरीनें १९९२ सालीं मान्यता दिली. ही कचेरी कालपरवांची नव्हे; तिची परंपरा १५५२ सालच्या 'अल्स्टर किंग ऑफ आर्म्स' या राजाधिकारापासून चालत आलेली असून १९४३ मध्यें ती आयरिश सरकारच्या हातीं आली. त्या गृहस्थाची वंशावळ बनावट असल्याचें कचेरीबाहेरच्या शोधकांनीं आणि वर्तमानपत्रांनीं चव्हाट्यावर आणलें, १९९९ मध्यें मान्यता मागें घ्यावी लागली, व २००३ मध्यें अशा कुलमुख्यांना मान्यता देण्याची पद्धतच सरकारनें सोडून दिली. शिक्का कचेरीचा होता, आणि संशय घेणारे बाहेरचे होते, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

उलट, जो माणूस खरोखर कागद चाळूं लागतो त्याचा कुलाभिमान पहिल्या सहा महिन्यांतच उतरतो असा सर्वांचा अनुभव आहे. राजा ब्रायन बोरूचा वंशज म्हणून निघालेल्यास शेवटीं सांपडतो तो कोणा जमीनदाराचा कूळ. एका एकराचा, कधीं तेवढ्याचाही नव्हे. १८४१ च्या खानेसुमारींत घरांचे चार वर्ग पाडले होते आणि चौथा वर्ग म्हणजे एका खोलीची मातीची झोंपडी. बहुतेक शोधांची वाट त्या झोंपडीच्या दाराशीं जाऊन थांबते. यांत मिरविण्यासारखें काय आहे? आणि तरीही ते लोक शोध सोडीत नाहींत, याचा अर्थ त्यांना मिरवावयाचें नाहीं, जाणून घ्यावयाचें आहे.

आतां त्या आगीकडे वळूं. कारण तिच्याविषयींचें अज्ञान फार पसरलें आहे, आणि तें अज्ञान कोणाच्या तरी सोयीचें आहे असें आम्हांस वाटतें.

डब्लिन येथें लिफी नदीच्या कांठीं 'फोर कोर्ट्‌स' नांवाची न्यायमंदिराची भव्य इमारत आहे. तिच्या आवारांत १८६७ च्या कायद्यानें स्थापन झालेलें सरकारी दप्तरखानें होतें. इंग्लंडशीं झालेला तह मान्य नसलेल्या सैनिकांनीं १९२२ च्या एप्रिलांत ही जागा व्यापली. २८ जून रोजीं नव्या सरकारच्या तोफा तिच्यावर सुरू झाल्या. आणि ३० जून रोजीं झालेल्या स्फोटानें व आगीनें सात शतकांचें दप्तर नष्ट झालें. जळक्या कागदांचे कपटे शहरभर उडत होते. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या चार खानेसुमाऱ्या, थोड्या तालुक्यांचे तुकडे वगळतां, गेल्या, मृत्युपत्रें गेलीं, प्रॉटेस्टंट देवळांच्या सुमारें हजार नोंदवह्या सुरक्षित राहाव्यात म्हणून सरकारनें तेथें आणविल्या होत्या, त्याही गेल्या. ज्या धर्मगुरूंनीं आपल्या वह्या पाठविल्या नाहींत त्यांच्याच तेवढ्या वांचल्या. दप्तर एका ठिकाणीं गोळा करणाऱ्यांनीं या गोष्टीचा विचार करावा.

पण मग १८६१, १८७१, १८८१ आणि १८९१ या चार खानेसुमाऱ्या कोठें आहेत? त्या आगींत जळल्या नाहींत. कारण १९२२ मध्यें त्या अस्तित्वांतच नव्हत्या. १८६१ व १८७१ चे कागद गोषवारा तयार होतांच सरकारी हुकुमानें नष्ट केले गेले. १८८१ व १८९१ चे कागद पहिल्या महायुद्धांत कागदाची टंचाई पडली तेव्हां लगद्यासाठीं देऊन टाकले. इंग्लंडांत त्याच सालांचे गणतीदारांचे दाखले जपून ठेवले आहेत; आयर्लंडांत ठेवले नाहींत. म्हणजे एका शतकाच्या आठ खानेसुमाऱ्यांपैकीं चार बंडखोरांच्या व तोफांच्या नांवावर मांडाव्या लागतील, तर चार कारकुनांच्या नांवावर. पहिल्या चारांची हकीकत प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक आहे. दुसऱ्या चारांची कोणी सांगत नाहीं. तोफेला आवाज असतो, कारकुनाच्या सहीला नसतो. आणि हें कोणी लक्षांत आणून दिलें? ज्यांना आपल्या पणजीचें नांव १८७१ च्या यादींत हवें होतें व तें कां मिळत नाहीं असा प्रश्न कचेरीच्या खिडकीशीं विचारावा लागला, त्या सामान्य माणसांनीं तो पुनःपुन्हा विचारला म्हणून ही गोष्ट सर्वतोमुखीं झाली.

बरें, आगीनंतर उरलें तरी काय? टीकाकार समजतात त्याहून फारच अधिक. १ जानेवारी १८६४ पासून सर्व जन्म, मृत्यु व विवाह सरकारदरबारीं नोंदले जाऊं लागले, व प्रॉटेस्टंटांचे विवाह तर १८४५ पासूनच. हें दप्तर निराळ्या कचेरींत असल्यामुळें आगीपासून वांचलें. १९०१ व १९११ च्या खानेसुमाऱ्या घरोघरच्या मूळ फॉर्मांसह शाबूत आहेत आणि कोणासही घरबसल्या फुकट पाहतां येतात. कॅथॉलिक पॅरिशांच्या नोंदवह्या राष्ट्रीय ग्रंथालयानें गेल्या शतकाच्या मध्यास फिल्मवर घेतल्या व २०१५ पासून जगास खुल्या केल्या. शिवाय धर्मपट्टीच्या आकारणीच्या १८२३ नंतरच्या वह्या आहेत. आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे रिचर्ड ग्रिफिथची १८४७ ते १८६४ या काळांतली मिळकतींची मोजणी. या मोजणींत प्रत्येक कुळाचें नांव, तें कोणाकडून जमीन धरतें त्याचें नांव, क्षेत्र व आकार असे रकाने आहेत. आपल्याकडील सर्व्हे सेटलमेंटच्या कागदांशीं ज्यांचा संबंध आला असेल त्यांस याची किंमत सांगावयास नको.

मात्र हे कागद वाचावयाचे म्हणजे एक किल्ली लागते, आणि ती किल्ली म्हणजे 'टाउनलँड'. आयर्लंडची सारी भूमि साठ हजारांहून अधिक टाउनलँडांत वांटलेली आहे; आपल्याकडे एखाद्या गांवच्या शिवारांत वाडीचें किंवा थळाचें जसें स्वतंत्र नांव असतें तसेंच हें. पूर्वज 'मेयो परगण्यांतला' एवढें कळून कांहींच कळत नाहीं. पॅट्रिक नांवाचे शेंकडों तेथें निघतील. टाउनलँड कळलें कीं माणूस सांपडतो. म्हणून शोधक उलट दिशेनें निघतो : अमेरिकेंतील थडग्यावरचें एक नांव, नातलगाच्या मृत्यूची बातमी, लग्नांतले साक्षीदार, मुलांचे धर्मबाप कोण झाले त्यांची यादी. त्या लोकांतही पहिल्या मुलाला बापाच्या बापाचें व दुसऱ्याला आईच्या बापाचें नांव ठेवण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं होती. आजोबांचें नांव नातवास ठेवणाऱ्या आमच्या वाचकांना ती परकी वाटणार नाहीं. आणि एका बाबतींत तर त्या गरीब पाद्र्यांच्या वह्यांपुढें आमच्या छापील कुलवृत्तांतांनीं मान खालीं घालावी. बाप्तिस्म्याच्या नोंदींत आईचें माहेरचें आडनांव लिहिलेलें असतें. आमच्या कुलवृत्तांतांत सूनबाईंचें सासरचें नांव मिळालें तरी पुष्कळ. माहेर म्हणजे बहुधा नुसतें एक आडनांव, आणि बारशाचें नांव कायमचें बुडालेलें.

या कामांत केवढी सावधगिरी लागते याचें एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाहीं. १९०८ च्या कायद्यानें सत्तर वर्षांवरील गरिबांना १९०९ च्या आरंभापासून आठवड्यास पांच शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळूं लागली. पण सत्तर वर्षांपूर्वीं आयर्लंडांत जन्माची सरकारी नोंद नव्हतीच. वय सिद्ध करावयाचें कसें? तेव्हां १८४१ व १८५१ च्या खानेसुमाऱ्यांत अर्जदाराचें बालपणचें घर शोधून उतारा द्यावयाचा अशी तोड निघाली. पुढें मूळ खानेसुमाऱ्या जळाल्या. परंतु पेन्शनसाठीं घेतलेले हे हजारों शोध-अर्ज वांचले, आणि जळालेल्या पानांवरील कुटुंबें आज आपणांस त्या म्हाताऱ्यांच्या पांच शिलिंगांमुळें दिसतात. याला दुसरीही बाजू आहे. १९०१ आणि १९११ या दोन खानेसुमाऱ्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या तर दहा वर्षांत पंधरा वर्षांनीं, कोठें वीस वर्षांनीं म्हातारीं झालेलीं माणसें जागोजाग आढळतात! पेन्शनीच्या आशेनें आयर्लंडचें अर्धें खेडें एकदम वृद्ध झालें. जो शोधक हें जाणत नाहीं तो चुकीच्या माणसास आपला पूर्वज ठरवितो. जो जाणतो तो खानेसुमारी कशी वाचावी याचा असा धडा शिकतो कीं जो आमच्या बी.ए. च्या वर्गांत आम्हीं कधीं दिला नाहीं.

सर्वांनाच तो धडा मिळालेला असतो असें नाहीं. संगणकाच्या पडद्यावर दुसऱ्याची वंशावळ आपल्या वंशावळीस एका बोटानें जोडतां येऊं लागल्यापासून मुलाच्या नंतर जन्मलेले बाप व मेल्यानंतर विवाह करणाऱ्या आज्या हजारोंनीं निर्माण झाल्या आहेत. डी.एन.ए. तपासणीचे व्यापारी थुंकीच्या थेंबावरून 'तुम्ही इतके टक्के आयरिश' असें सांगतात आणि लोक तें कौतुकानें भिंतीवर लावतात. न्यूयॉर्कच्या बंदरांत उतरतांना गोऱ्या कारकुनानें आपल्या आजोबाचें आडनांव बदललें, ही कथा घरोघर सांगतात. वास्तविक एलिस बेटावरील अधिकारी निघण्याच्या बंदरांत केलेल्या जहाजाच्या याद्याच पुढें ठेवून काम करीत, नांवें नवीं लिहीत नसत. आडनांवें बदललीं तीं पुष्कळशीं त्याआधीं आयर्लंडांतच : 'मॅक गाऊन' चें लोहारकीवरून 'स्मिथ' झालें, 'ओ' गळाला, आणि स्वातंत्र्याच्या चळवळीबरोबर पुन्हां जोडला गेला. अशा चुकांबद्दल आम्हांस हौशी लोकांची तरफदारी करावयाची नाहीं. पण चूक हौशी करितो तशी राष्ट्रही करितें. एलिस बेट १ जानेवारी १८९२ रोजीं उघडलें तेव्हां पहिलें पाऊल ठेवणारी मुलगी कॉर्कची ॲनी मूर. तिचे पुतळे उभे राहिले, तिच्यावर गाणीं झालीं; आणि ती पुढें टेक्ससकडे गेली अशी कथा कित्येक वर्षें सर्वमान्य होती. कागद तपासतां टेक्ससची बाई मुळीं इलिनॉयमध्यें जन्मलेली निघाली. खरी ॲनी न्यूयॉर्कच्या दक्षिण टोंकाच्या गरीब वस्तींतून बाहेरच पडली नव्हती; तिचीं बरींच मुलें लहानपणीं वारलीं, ती १९२४ मध्यें मेली आणि तिच्या थडग्यावर दगडसुद्धां नव्हता. हा शोध २००६ मध्यें मेगन स्मोलेनियाक या वंशशोधक बाईंनीं लावला, कोणा विद्यापीठानें नव्हे. २००८ मध्यें त्या थडग्यावर दगड बसला. पुतळा ज्या कथेचा होता ती बदलली. मुलगी मात्र प्रथमच खरी झाली.

आमच्या वाचकांपैकीं कोणी म्हणेल, हें सर्व ठीक, पण आम्हांस त्याचें काय? एक धागा आहे, तो दाखवून पुढें जातों. 'रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स' नांवाची पलटण होती. तिच्या सन्मानचिन्हांत 'किर्की' हा शब्द आहे, म्हणजे आमची खडकी. १८१७ च्या नोव्हेंबरांत बाजीरावाच्या फौजेशीं जेथें लढाई झाली ती. डब्लिनच्या पलटणीचा खडकीशीं संबंध कसा? तिची दुसरी बटालियन म्हणजे कंपनी सरकारची जुनी मुंबईची गोरी पलटण. १८८१ च्या फेररचनेंत तिला डब्लिनचें नांव मिळालें, आणि १९२२ सालीं, दप्तरखाना जळाला त्याच उन्हाळ्यांत, ती मोडण्यांत आली. कंपनीच्या व पुढें राणीच्या गोऱ्या फौजेंत दुष्काळानें व दारिद्र्यानें घराबाहेर काढलेले आयरिश फार मोठ्या संख्येनें होते. १८४१ मध्यें ८१ लाखांवर असलेली आयर्लंडची लोकसंख्या बटाट्याच्या दुष्काळानंतर १८५१ मध्यें ६५ लाखांवर आली; सर्वच कांहीं अमेरिकेस गेले नाहींत. मुंबई, पुणें, खडकी, कुलाबा येथें त्यांनीं लग्नें केलीं, मुलें पुरलीं, स्वतः तापानें मेले. येथील पाद्री या नोंदींच्या नकला लंडनला पाठवीत. त्या आज ब्रिटिश लायब्ररींतील इंडिया ऑफिसच्या दप्तरांत सुरक्षित आहेत. डब्लिनला जें जळालें त्याचा दुवा खडकीच्या एका दफनाच्या नोंदींत मिळावा, असें घडूं शकतें. २०२२ च्या जूनमध्यें डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकारानें जळालेल्या दप्तरखान्याची जी संगणकावरील प्रतिकृति लोकांस खुली झाली, तिचेंही तत्त्व हेंच : मूळ गेलें तरी नक्कल कोठें तरी दुसऱ्याच गांवीं पडलेली असते. आमच्या छावण्यांतील जुनीं गोरीं कबरस्तानें ढांसळत चाललीं आहेत, त्यांतील दगड वाचून ठेवणारेही बहुतेक हौशीच आहेत.

आतां तिसरा आक्षेप. इतिहास हें शास्त्र आहे, तेथें हौशी लोक नकोत! हें मराठींत म्हणण्यास विशेष धाडस लागतें. राजवाडे कोणत्या कॉलेजांत प्रोफेसर होते? १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढणाऱ्या त्या माणसास एखाद्या विद्यापीठाची खुर्ची मिळावयाची असती तर रुमाल सोडीत गांवोगांव हिंडलें कोण असतें? वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेंत शिकवीत होते. त्यांच्यावर उभ्या राहिलेल्या विद्येचे आम्ही अध्यापक आतां दाराशीं उभे राहून विचारतों, तुमचा परवाना कोठें आहे?

आयर्लंडांत या प्रश्नास जें उत्तर मिळालें आहे तें इतकें भयंकर आहे कीं त्यापुढें आमचें स्मित मावळलें पाहिजे. गॉलवे परगण्यांतील ट्यूम या गांवीं १९२५ पासून १९६१ पर्यंत अविवाहित माता व त्यांचीं मुलें यांचें एक आश्रमगृह होतें. जोगिणींचा एक पंथ तें चालवीत असे व खर्च सरकार देई. इमारत पुढें पाडली गेली, तेथें घरें झालीं. १९७० च्या दशकांत खेळतां खेळतां दोघां मुलांना तेथें जमिनींतील एका पोकळींत हाडें दिसलीं. दुष्काळांतलीं असतील म्हणून लोकांनीं प्रार्थना म्हणून जागा बुजविली. त्या गांवाजवळ राहणाऱ्या कॅथरिन कॉर्लेस या गृहिणीस स्थानिक इतिहासाचा नाद होता. त्यांनीं नोंदणी-कचेरींत एक साधा प्रश्न विचारला : त्या आश्रमांत किती मुलें मेलीं? याद्या निघाल्या, ७९६ नांवें झालीं. त्यांनीं पदरचे पैसे देऊन एकेक मृत्यूचा दाखला मिळविला. मग दुसरा साधा प्रश्न : हीं मुलें पुरलीं कोठें? गांवच्या कबरस्तानाच्या वह्या पाहिल्या, एखाददुसरें सोडल्यास त्यांत एकही नांव नाहीं. तेव्हां जुने नकाशे काढले. हाडें दिसलीं होतीं ती जागा नकाशावर सांडपाण्याच्या जुन्या हौदाची होती. २०१२ मध्यें गांवच्या इतिहासमंडळाच्या वार्षिकांत त्यांनीं लेख लिहिला. दोन वर्षें कोणी तिकडे पाहिलें नाहीं. २०१४ मध्यें जगभर वार्ता झाली, २०१५ मध्यें सरकारनें चौकशी-आयोग नेमला, आणि २०१७ च्या मार्चमध्यें आयोगानें जाहीर केलें कीं, जमिनीखालील कोठ्यांत मोठ्या प्रमाणावर मानवी अवशेष आहेत, आणि ते अर्भकांचे व दोनतीन वर्षांपर्यंतच्या मुलांचे आहेत. २०२१ च्या जानेवारींत आयर्लंडच्या पंतप्रधानांनीं राष्ट्राच्या वतीनें क्षमा मागितली.

या बाईंनीं जें केलें त्यांत वंशशोधकाच्या नित्याच्या कामाहून निराळें असें कांहींच नाहीं. जन्माची नोंद, मृत्यूची नोंद, दफनाची नोंद, नकाशा; हीं चार एकास एक लावून पाहावयाचीं आणि जेथें जुळत नाहीं तेथें थांबून कां म्हणून विचारावयाचें. तीं सर्व साधनें देशांतील प्रत्येक इतिहासाध्यापकास पन्नास वर्षें उपलब्ध होतीं. राज्यघटना, पक्ष, पुढारी, यादवी यांवर ग्रंथामागून ग्रंथ निघाले, व ते चांगलेही असतील; पण ७९६ मुलांची बेरीज करण्यास एक गृहिणी लागली. तिला या विषयांत पदवी नव्हती, म्हणून तिला काय विचारावें आणि काय विचारूं नये याचे शास्त्रशुद्ध संकेत ठाऊक नव्हते.

येथें आमचे प्रतिपक्षी शेवटची ढाल पुढें करतात. गडे मुर्दे उकरून काय मिळणार? झांकली मूठ सव्वा लाखाची. कोणाची आजी कोणत्या आश्रमांत बाळंत झाली हें तिच्या नातवंडांना कळून कोणाचें कल्याण होणार? हा प्रश्न कळवळ्याचा वाटतो, पण तो नेहमीं कोणाच्या तोंडून येतो तें पाहावें. ज्या मुलांना दत्तक देऊन, कित्येकांना समुद्रापार पाठवून, त्यांचीं मूळ नांवें फायलींत बंद केलीं गेलीं, त्या मुलांनीं तो कधीं विचारलेला नाहीं. तीं मुलें सत्तरीला आलीं तरी आपल्या आईचें नांव विचारीत कचेऱ्यांचे उंबरे झिजवीत होतीं, आणि 'आईच्या अब्रूसाठीं' हें उत्तर ऐकून परत जात होतीं. अब्रू आईची होती, पण ती राखण्याचा मक्ता संस्थेनें घेतला होता. २०२२ च्या कायद्यानें त्यांना आपला जन्माचा दाखला व उपलब्ध माहिती मिळण्याचा हक्क दिला. तो मिळविण्यासाठीं जीं माणसें वर्षानुवर्षें झगडलीं त्यांना आमच्या अध्यापकांच्या कोशांत 'हौशी कुलशोधक' यापलीकडे नांव नाहीं. मूठ झांकलेली राहावी असें ज्यांस वाटतें त्यांनीं निदान मूठ कोणाची आहे हें आधीं सांगावें.

ट्यूम येथील जागेचें उत्खनन २०२५ च्या जुलैमध्यें सुरू झालें. हाडें वेगळीं करून शक्य तेथें प्रत्येक मुलास त्याचें नांव परत द्यावयाचें असा त्या कामाचा हेतु आहे. पण हाडावर नांव लिहिलेलें नसतें. त्यासाठीं त्या मुलांच्या हयात नातलगांचे डी.एन.ए. चे नमुने लागतात, आणि नातलग कोण हें ठरविण्यास वंशावळी लागतात. म्हणून ज्या सरकारनें १८६१ व १८७१ ची यादी निरुपयोगी म्हणून नष्ट केली त्याचा वारसा चालविणारें सरकार आज आपल्या लोकांना विनंती करीत आहे कीं, तुमची चुलत आजी, तुमचा मामेभाऊ, तुमच्या आईची ती कधीं न बोललेली बहीण यांपैकीं कोणी त्या आश्रमांत होतें असें तुम्हांस ठाऊक असेल, तर कृपा करून पुढें या.